कावळ्याची पोच

सव्वादोन तास! नाही, तुम्हीच सांगा, सव्वादोन तास ही काय चेष्टा आहे? सव्वादोन तासांत माणूस पनवेलहून निघून पुण्याला पोचतो, वाटेत वडापाव खाऊन पोचतो, आणि इथे एक कावळा, एक साधा काळा कावळा, समोरच्या पिंपळावरून खाली उतरायला तयार नाही! खाली कोण, तर आमचा गुरुदत्त. म्हणजे गुरुदत्ताचा पिंड. गुरुदत्त दहा दिवसांपूर्वीच गेला होता, झोपेत गेला, कुणाला त्रास नाही की हाक नाही, ऑफिसातही तसाच होता, कधी आला नि कधी गेला कुणाला पत्ता लागायचा नाही. अशा माणसाच्या दहाव्याला आम्ही चाळीस जण नदीकाठच्या घाटावर, ऑक्टोबरच्या उन्हात, हात जोडून, माना वर करून एका पक्ष्याची मनधरणी करतोय!

कावळा शिवला की माणूस सुटला, नाही शिवला की काहीतरी इच्छा राहिली. बरं, राहिली तर राहिली, पण ती ओळखायची कुणी? तर जमलेल्यांनी! आणि जमलेले लोक कसे असतात तुम्हाला माहीत आहे. त्याचा मुलगा निनाद म्हणाला, ‘बाबा, तुमची स्कूटर आम्ही विकणार नाही.’ कावळ्याने चोच फांदीला घासली. मनिषावहिनी म्हणाल्या, हल्ली बायकाही येतात घाटावर, म्हणाल्या, ‘अहो, माझी काळजी करू नका, मी राहीन नीट.’ कावळ्याने मान फिरवली. कुणी म्हणालं, त्याला कर्नाळ्याचा किल्ला चढायचा होता, आम्ही चढू त्याच्या नावाने. कावळ्याने पाठ केली. सोसायटीचे चेअरमन पुढे झाले आणि म्हणाले, ‘गुरुदत्तजी, लिफ्टचा ठराव आम्ही मंजूर करून घेऊ!’ काय बोलायचं? मेलेल्या माणसाला लिफ्ट!

आणि मग... मग बळीराम पुढे आला. बळीराम म्हणजे आमच्या ऑफिसचा शिपाई, उरणकडचा, मनाने सोनं, पण आवाज असा की तिथल्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून हाक मारली तर मुंबईला ऐकू जाईल. तो पिंडासमोर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, ‘साहेब! ती आशालताबाई सुखात हाय! परवाच दिसली मना. नातू झालाय तिला!’

आणि कावळा आला.

तुम्हाला सांगतो, असा आला, असा आला, जसा काही इतका वेळ त्याच बातमीसाठी थांबला होता! शिवला, घास घेतला, गेला. भटजी म्हणाले, ‘सुटले!’ आणि घाटावरच्या चाळीस माना पिंपळावरून खाली आल्या आणि वहिनींकडे वळल्या. परत निघताना वहिनी माझ्याजवळ आल्या. ‘भावोजी, ही आशालता कोण?’ म्हटलं, ‘टायपिस्ट होती.’ ‘कधी?’ ‘ब्याऐंशी ते पंच्याऐंशी.’ ‘तीन वर्षं!’ असं म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. आता मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या तीन वर्षांत गुरुदत्त तिच्याशी एकदाच बोलला, ‘रिबन संपली का हो?’ एवढंच! त्यावर तिने मानेनेच होय म्हटलं. पण आता हे कुणाला पटवणार? कावळ्याने शिक्का मारला! ज्याने खुलासा करायचा तो तर सुटला!

तर माझं म्हणणं एवढंच आहे... मरायला माझी ना नाही. पण पोच नको का मिळायला?

हसू नका. चौतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. कागद पाठवला म्हणजे काम झालं असं तुम्हाला वाटतं, आम्हाला वाटत नाही. समोरच्याची सही आली, तारीख आली, पोच आली, की मग तो कागद गेला. तोपर्यंत तो कुठेच नसतो, ना इथे ना तिथे. कावळा म्हणजे दुसरं काय आहे? पोच! आणि ती कुणाच्या हातात, तर ज्याला बळीरामचा आवाज चालतो त्याच्या!

हे सगळं मी तत्त्वज्ञान म्हणून घरी येऊन वसुंधरेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, ऐकवत होतो, तिने ऐकलं आणि म्हणाली, ‘दुधी आणा.’ आणि दुधी घेऊन तिसरा मजला चढताना, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या मजल्यावरच कुणीतरी छातीवर बसलं. पाच मिनिटं जिन्यात, दुधी मांडीवर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. डॉक्टर म्हणजे कोवळी मुलगी, मिताली नाव, माझ्या मुलीपेक्षा लहान, गोड हसून म्हणाली, ‘काका, टेन्शन घेऊ नका, आपण फक्त अँजिओग्राफी करून बघूया, तेवीस तारखेला या.’ फक्त! आणि बघूया! यांचं बघूया आणि आमचं...

घाबरलो? छे. मी वाचणारा माणूस आहे. देशी वाचले, परदेशी वाचले, एक म्हणतो मेल्यावर काहीच नाही, तेव्हा भ्यायचं कशाला. दुसरा म्हणतो मेल्यावर सगळंच आहे, तेव्हा भ्यायचं कशाला. आजोबांच्या पोथीत तापलेली वाळू आणि रक्ताची नदी आहे, तिथे मात्र भ्यायलाच सांगितलंय. सगळं मुखोद्गत! पण छातीत एकदा कळ आली ना, की एक ओळ आठवेल तर शपथ. फक्त घाट आठवतो, आणि पिंपळ, आणि बळीराम! वर गेल्यावर तिथला कारकून काय म्हणेल याची मला धास्ती नाही, कारकुनाला कारकून सांभाळून घेतो. धास्ती इथली. माझ्या दहाव्याला बळीराम काय ओरडेल? मलाच ठाऊक नाही माझं काय राहिलंय, तर त्याला काय ठाऊक असणार?

म्हणजे तयारी आपणच करायला हवी. दिवस किती? पंधरा. तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आमच्या नवीन पनवेलच्या गॅलरीत उभा राहिलो, कठड्यावर चमचाभर पोहे ठेवले आणि वाट पाहिली. ओळख! आयुष्यभर दुसरं काय केलं? नवीन साहेब आला की पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्यायची, चहा कसा लागतो विचारायचं, मग सही अडत नाही. तिसऱ्या दिवशी एक आला. डाव्या पायाचं एक बोट नाही, मान तिरकी, नजर अशी की फाईल परत पाठवणारच. मी मनात म्हटलं, साहेब! हाच! पोहे खाल्ले, माझ्याकडे एकदा तुच्छतेने बघितलं आणि गेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू...

मग रोज. पोहे, उपमा, चपातीचा तुकडा. एक दिवस घरात काही नव्हतं म्हणून शेव ठेवली, आणि तिथेच माझी चूक झाली. शेव खाल्ल्यापासून साहेब पोह्यांना चोच लावेनात! चपाती उचलून खाली टाकायचे, अगदी नेम धरून, खालच्या कमळाबाईंच्या अंगणात. बरं, शेव ठेवावी तर एकटे येईनात, पाच जणांना घेऊन येऊ लागले. आणि त्या पाच जणांनी पहिल्याच दिवशी शोध लावला की आमच्या गच्चीवर कमळाबाईंची सुकट वाळत असते.

कमळाबाईंना तुम्ही ओळखत नाही. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे त्यांची भातशेती होती. आता त्या तळमजल्यावर राहतात, पण बाई अजून आपल्या शेतात उभी असल्यासारखीच बोलते. जिन्यात मला गाठलं. ‘ओ भाऊ! यो काय धंदा लावलाय तुमी? पंधरा वर्सं मी सुकट वालवतंय, कदी कावला फिरकला नाय, आनि आता बगावं तं बाजार भरलाय! कोन बोलावतंय त्यांना?’ मी म्हटलं, ‘पर्यावरणाचा काहीतरी बदल असेल.’ ‘पर्यावरन तिसऱ्या माल्यावर ऱ्हातंय,’ बाई म्हणाली, ‘चष्मा लावतंय. मी बगितलाय.’

आता मला सांगा, हिला काय सांगणार? की बाई, तुमच्या सुकटीपेक्षा मोठा प्रश्न आहे? मरायला माझी ना नाही, पण पोचेची व्यवस्था चाललीय?

पण खरी भीती मला बावीस तारखेला वाटली. दुसऱ्या दिवशी दवाखाना. सकाळी चहा पिताना एकदम डोक्यात आलं... साहेब शेव खातात, सुकट खातात, ठीक आहे. पिंड कशाचा असतो? भाताचा! मीठसुद्धा नाही त्यात! पंधरा दिवस खपून मी पनवेलमधला एकमेव असा कावळा तयार केला होता जो मेला तरी भाताला शिवणार नाही!

मग काय करणार? तालीम. वसुंधरा खाली भाजीला गेली आणि मी कुकर लावला. वाटीभर भात, त्याचा गोळा, वर काळे तीळ, तिळाची बरणी कुठे असते हे मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि केळीच्या पानाऐवजी स्टीलची ताटली घेऊन गच्चीवर. ताटली ठेवली, चार पावलं मागे सरकलो, हात जोडले. साहेब टाकीवर बसले होते. मी म्हटलं, ‘या.’ त्यांनी गोळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हटलं, ‘या हो, आपली ओळख आहे.’ पुन्हा गोळ्याकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, असं तोंड केलं जसं डब्यात रोज तीच भाजी आल्यावर माणूस करतो...

‘हे काय चाललंय?’

मागे वसुंधरा. तिच्यामागे कमळाबाई, सुकटीचं सूप कमरेवर.

‘काही नाही,’ म्हटलं, ‘भात जास्त झाला होता.’

‘वर तीळ?’

‘चवीला.’

ती जवळ आली, ताटलीकडे बघितलं, माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मी ते अजून सोडलेच नव्हते हो! कमळाबाई आधी हसली. अशी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. ‘अगो माजे बाय! सोताचा पिंड सोताच! घरपोच!’ मलाही हसू यायला लागलं होतं. पण वसुंधरा हसली नाही. ती म्हणाली, ‘पंधरा दिवस मी विचारतेय, भीती वाटते का. तुम्ही म्हणता, छे. मला म्हणालात छे. आणि सांगितलंत कुणाला, तर कावळ्याला?’

मी जोडलेल्या हातांनीच चष्मा वर सरकवला.

मग तिने काय करावं? माझ्या शेजारी उभी राहिली, तिनेही हात जोडले आणि टाकीकडे बघून बोलायला लागली, भांडताना बोलते त्या आवाजात. ‘ऐका हो! यांची पुस्तकं मी रद्दीत घालणार नाही. कपाटं पुरत नाहीत, तरी घालणार नाही. यांची ती बिनकामाची पेनं सगळी ठेवीन. ओला टॉवेल पलंगावर टाकायचे त्याबद्दल कुणापाशी बोलणार नाही... नाही, ते बोलणार. माझ्या आईच्या आजारपणात यांनी सात महिने रोज तिचे पाय चेपले, ते मी कधी बोलून दाखवलं नाही, ते बोलेन. मुलीला कामोठ्याच्या क्लासला सायकलवरून सोडायचे, परत येईपर्यंत बाहेर उभे राहून वाचायचे, पावसात छत्री पुस्तकावर धरायचे, ते सांगेन. आणखी काय राहिलंय यांचं? सांगा ना! मला तर हे सांगत नाहीत...’ आणि तिथे ती रडायलाच लागली.

तुम्ही स्वतःच्या दहाव्याला कधी गेला आहात? मी गेलो आहे. जाण्यासारखा असतो. जिवंतपणी एवढं कौतुक आमच्या घरात झालेलं नाही, निरोपसमारंभातसुद्धा माझ्याबद्दल ‘वक्तशीर’ एवढंच म्हणाले होते. पण कावळा? ढिम्म! मला इतकी लाज वाटली. म्हटलं, बघ, ही बाई रडतेय आणि हा हलत नाही, म्हणजे काहीतरी मोठंच राहिलंय माझं...

तेवढ्यात कमळाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि बाई म्हणाली, ‘काय वो भाऊ, एवढी पुस्तकां वाचताव नि इतकं कलत नाय? तुमी जिते हाव! जित्या मानसाच्या पिंडाला तो कशाला शिवंल? त्याला तुमच्यापरीस अक्कल हाय!’

हे मला सुचलंच नव्हतं! कावळा शिवला नाही, कारण अजून कागद निघालेलाच नाही! जावकच नाही तर पोच कसली? आणि साहेबांनी तेवढ्यात एक झेप घेतली, पिंडावरून, अगदी वरून, वाऱ्याने तीळ हलले, आणि थेट सुपातल्या सुकटीत! ‘मेल्याऽऽ!’ करून कमळाबाईंनी चप्पल फेकली, ती टाकीला लागली, वसुंधरा हसली, पहिल्यांदा हसली, आणि वाकून तो गोळा उचलला, कुस्करला, चिमण्यांना टाकला. ‘खाली चला,’ म्हणाली, ‘उद्या नऊला हजर व्हायचंय.’

हजर झालो. जागेपणीच करतात ते, माहीत आहे ना? मनगटातून नळी घालतात आणि समोर पडद्यावर तुमचं काळीज दिसतं. मी आधी डोळे मिटले होते, मग उघडले. दिसतं काय? चोरासारखं काहीतरी धडपडतंय, काळंपांढरं, एवढंसं! अडुसष्ट वर्षं, किरकोळ रजा नाही, अर्जित रजा नाही, कुणी शाबास म्हटलं नाही... मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. एका ठिकाणी वाट बुजली होती, तिथे जाळी बसवली, आणि ती मिताली पुन्हा गोड हसून म्हणाली, ‘झालं काका.’ मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण हात त्यांच्या ताब्यात होता.

संध्याकाळी भेटायला कोण? बळीराम! शहाळं घेऊन. आणि त्या आवाजात, सगळा वॉर्ड ऐकतोय, ‘भाऊसाहेब, एक विचारू का? रागावनार नाय ना? तुमची काय इच्छा आसंल ती आताच सांगून ठेवा. गुरुदत्तसाहेबांच्या टायमाला मी आपलं अंदाजानी बोललो. वहिनी अजून माज्याशी बोलत नाय.’ म्हटलं, ‘विचार करून सांगतो.’ तो म्हणाला, ‘करा, करा. टाइम हाय आता.’

केला विचार. घरी आल्यावर गॅलरीत बसून पाच दिवस केला. हातात कागद घेतला, वर ‘शिल्लक इच्छा’ असं लिहिलं, खाली रेघ मारली. घर झालं. मुलगी सुखात आहे. किल्लेबिल्ले मला चढायचे नाहीत. समुद्र बघितला. टायपिस्टशी तर मी एकदाही बोललो नाही. कागद कोरा! कोरा म्हणजे काय, मी सुटलोच की, तीन मिनिटांत शिवेल कावळा! आणि हे मी वसुंधरेला सांगायला आत गेलो तर बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, आणि बाहेर कोण? साहेब! तिच्या हातून शिरा खातायत!

म्हटलं, ‘हे काय?’ म्हणाली, ‘माझीही ओळख असलेली बरी. मी आधी गेले तर? तुम्ही काय सांगणार आहात त्याला माझ्याबद्दल? माझ्या चहात साखर किती, हे तरी ठाऊक आहे?’ मी विचार करून म्हटलं, ‘दोन?’ म्हणाली, ‘मी कॉफी घेते. सतरा वर्षं झाली.’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी केली. आयुष्यात पहिल्यांदा. उतू गेली, पुन्हा केली. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि संपवली. खालून कमळाबाईंनी सुकटीच्या कालवणाची वाटी पाठवली, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणून मी बोट बुडवून चाटलं, दोनदा चाटलं. ऊन कठड्यावर आलं होतं. छातीत काही दुखत नव्हतं. आणि मी तो कागद पुन्हा बघितला आणि मला कळलं की हा कोरा नाही, मी खोटा कागद तयार केलाय! कारण मला उद्याही हेच पाहिजे होतं. हीच कॉफी, हेच तोंड वाकडं. परवाही. त्यात कणभर बदल नको. मरायला माझी ना नाही, मरायला माझी ना नाही, असं मी तुम्हाला इतका वेळ सांगतोय ना? आहे. माझी ना आहे! स्पष्ट ना आहे!

तेव्हा बळीरामला मी कळवून टाकलंय, तुम्हालाही सांगून ठेवतो, वेळ आली की उगाच अंदाज करत बसू नका, कुणाच्या बायकांची नावं घेऊ नका. माझं काही राहिलेलं नाही. जे मागितलं त्यापेक्षा जास्तच मिळालंय, फक्त ते सोडून निघावंसं वाटत नाहीये, आणि त्यावर घाटावर जमलेल्या कुणाकडे इलाज असणार नाही. कावळा काही लवकर यायचा नाही. तुम्ही आपले घरून जेवून या, आणि येताना बसायला खुर्च्या घेऊन या.